नळीला तारीख असते



आजचा विषय जेवताना ऐकावा असा नाही. पण ज्या घरात तो आहे, त्या घरात तो जेवताना, झोपताना, लग्नाला जाताना, कुठंच पाठ सोडत नाही. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं ठेवलेली लघवीची नळी. कॅथेटर. मी पुनर्वसनाची डॉक्टर आहे. मणक्याला मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला, हातपाय गेले, तर त्यानंतरचं आयुष्य पुन्हा उभं करायचं, हे आमचं काम. मी बंगळुरूत असते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत पीण्या औद्योगिक क्षेत्रातली माणसं बरीच.

ज्यांनी पीण्या पाहिलं नाही त्यांनी भोसरी किंवा बेळगावचं उद्यमबाग डोळ्यांसमोर आणावं. तुमकुरू रस्त्याला लागून, शहराच्या वायव्येला, १९७०च्या दशकात वाढत गेलेली ही वसाहत. टूलरूम, कास्टिंग, प्लेटिंग, पावडर कोटिंग, शिलाईचे कारखाने. राहायला लग्गेरे, हेग्गनहळ्ळी, दासरहळ्ळी इथल्या एकेका खोलीत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून आलेली आपली माणसंही त्यांत आहेत.

इथल्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात कॉम्प्रेसरला एक टॅग लटकवलेला दिसेल. शेवटची सर्व्हिस कधी झाली, पुढची कधी, सही कोणाची. माणसाच्या मूत्राशयात घातलेल्या नळीला असा टॅग नसतो. नळी का घातली, कधी घातली, कधी बदलायची, कधी काढायची? हे चार प्रश्न मी घरी गेल्यावर विचारते. बहुतेक वेळा बायको नवऱ्याकडे बघते आणि नवरा भिंतीकडे. माझं आजचं सगळं बोलणं त्या टॅगबद्दल आहे.

एक माणूस समजून घेऊ. हा कोणी एक पेशंट नाही, अनेकांना मिळून मी केलेला आहे. वय पस्तीस, फिटर. शेडवर गळती बघायला चढला, सिमेंटचा पत्रा मोडला आणि खाली आला. पत्र्यावरून पडणं हा आपल्याकडच्या मणक्याच्या दुखापतींचा ठरलेला मार्ग आहे. ऑपरेशन झालं, मणक्यात स्क्रू बसले, जीव वाचला. कमरेखाली हालचाल नाही, लघवी झालेली कळत नाही. घरी पाठवताना कागदावर औषधं असतात, व्यायाम असतात, कूस बदलायच्या सूचना असतात. नळीबद्दल दोनच शब्द: कॅथेटर केअर. केअर म्हणजे काय करायचं, हे त्या वहिनींना कोणी सांगितलेलं नसतं. मग शेजारच्या नर्सिंग होममधला ब्रदर येतो, बदलून जातो, आणि महिना, दोन महिने, तीन महिने जातात.

ही नळी मुळात कशासाठी आली? अमेरिकेतल्या सेंट पॉल गावचे मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३०च्या दशकात ती आणली, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरचा रक्तस्राव फुग्याच्या दाबानं थांबवायला. नळीच्या टोकाशी फुगा, तो आत फुगवायचा, म्हणजे नळी निसटत नाही. काम काही दिवसांचं होतं. फुग्यामुळं नळी आपोआप आत टिकते, एवढ्या सोयीवर पुढं ती महिनोन्‌महिने राहू लागली. वस्तू वाईट नाही. लघवी तुंबून तळमळणाऱ्या माणसाला फोलीची नळी म्हणजे देवच भेटतो. प्रश्न तिच्या मुक्कामाचा आहे.

आता आत काय होतं ते बघा. आपलं मूत्राशय भरतं आणि धुतल्यासारखं रिकामं होतं. जंतू आले तरी प्रवाहाबरोबर बाहेर जातात. नळी घातली की ही धुलाई बंद. फुग्याच्या खाली थोडी लघवी कायम साचून राहते, आणि नळी हा जंतूंना आत यायचा जिना होतो. नळी असेपर्यंत दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के लोकांच्या लघवीत नव्यानं जंतू येतात. महिना उलटला की जवळजवळ प्रत्येकाच्या. हे जंतू सुटे फिरत नाहीत. नळीच्या आतबाहेर बुळबुळीत थर करून त्याखाली राहतात, पाण्याच्या टाकीच्या तळाशी शेवाळी थर असतो ना, तसा. औषध त्या थराच्या आत नीट पोहोचत नाही.

इथं एक गोष्ट जरा थांबून सांगते, कारण यात घरोघरचे पैसेही जातात आणि औषधंही निकामी होतात. लघवी गढूळ दिसली, वास आला, की कल्चर करायचं. कल्चरमध्ये जंतू येणारच, वर सांगितलं तसं. रिपोर्टवर लाल अक्षरं बघून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणायचं. पाच दिवसांनी लघवी पुन्हा गढूळ. पुन्हा कल्चर, आता जास्त जबर जंतू, आता इंजेक्शन. असं वर्षभर चाललं की ज्या दिवशी खरंच ताप चढतो, त्या दिवशी रिपोर्टमध्ये लागू पडेल असं एकच औषध शिल्लक असतं आणि ते शिरेतून द्यावं लागतं. म्हणून नियम असा: नळी असलेल्या माणसाच्या लघवीत नुसते जंतू सापडले, त्रास काही नाही, तर औषध द्यायचं नाही. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन व्हायचं असलेला पेशंट, हे मुख्य अपवाद.

मग औषध कधी? थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत दुखणं, उलट्या, माणूस अचानक भ्रमिष्टासारखा बोलायला लागणं, लघवीत रक्त. मणक्याच्या पेशंटला पोटातलं दुखणं कळत नाही. त्याचे पाय अचानक जास्त आखडायला लागतात, अंगाला घाम फुटतो, काहीतरी बिनसलंय असं तो स्वतःच सांगतो. त्याचं ऐका. आणि अशा वेळी नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर आधी ती बदलायची, नव्या नळीतून आलेली ताजी लघवी तपासायला पाठवायची, मग औषध सुरू. पिशवीतली शिळी लघवी कल्चरला पाठवणं म्हणजे गटारीचं पाणी तपासून विहिरीचा निकाल लावणं.

दुसरी गोष्ट नळी तुंबण्याची, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पीण्यात काम केलेल्याला ती पटकन कळते, कारण त्यानं कूलिंगच्या पाइपमधला क्षार छिन्नीनं काढलेला असतो. काही जंतू, मुख्यतः प्रोटियस नावाचा, लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात. लघवी क्षारधर्मी होते आणि तिच्यात विरघळलेले मॅग्नेशियम, कॅल्शियमचे फॉस्फेट खडे होऊन नळीच्या भोकाशी चिकटतात. बाहेर काढलेल्या नळीचं टोक चुन्यात बुडवल्यासारखं पांढरं, खरखरीत दिसतं. बोअरचं जड पाणी प्यायल्यानं हे होतं, अशी इथं पक्की समजूत आहे. तसं नाही, हा जंतूंचा उद्योग आहे. दीर्घकाळ नळी असलेल्यांत जवळपास निम्म्यांना कधी ना कधी हा त्रास होतो. काहींची नळी दर दहा-बारा दिवसांनी तुंबते, काहींची तीन महिने स्वच्छ राहते. म्हणून प्रत्येक वेळी काढलेली नळी फेकण्याआधी तिचं टोक बघा आणि कॅलेंडरवर लिहा. सलग तीन नळ्यांच्या तारखा लिहिल्या की आपल्या माणसाची नळी कितव्या दिवशी तुंबते ते कळतं, आणि त्याच्या दोन-तीन दिवस आधी ती बदलायची. कारखान्यात याला प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणतात. आमच्या शास्त्रात याहून हुशार उपाय अजून फारसा नाही. वारंवार तुंबत असेल तर मूत्राशयात खडा आहे का, हे सोनोग्राफीत बघून घ्या.

नळी तुंबली तर काय होतं, हे दुखापत कुठं आहे त्यावर ठरतं. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर मार असेल, म्हणजे मानेची किंवा छातीच्या वरच्या भागाची दुखापत, तर मूत्राशय ताणलं गेल्यावर शरीर आंधळेपणानं उसळतं. रक्तदाब झपाट्यानं वर जातो. डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा आणि मान लालबुंद, दुखापतीच्या वरच्या भागाला दरदरून घाम, नाडी उलट मंद. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, चित्र विसरू नका. मानेच्या दुखापतीत रोजचं ब्लड प्रेशर ९० ते १०० असतं. त्याला १४० म्हणजे धोक्याचं. अपघात विभागात मात्र १४० बघून कोणी घाबरत नाही. उलट डोकं दुखतंय म्हणून आडवं झोपवतात, आणि तेच करायचं नसतं. बसवायचं, पाय खाली सोडायचे. पट्टा, कमरेची दोरी, पायाच्या पिशवीचे बंद सैल करायचे. नळी कुठं मुडपली आहे का, मांडीखाली दबली आहे का, पिशवी भरून फुगली आहे का, बघायचं. लघवी येतच नसेल तर नळी ताबडतोब बदलायची. मूत्राशय मोकळं झालं की दाब बहुधा तिथल्या तिथं उतरतो. नाही उतरला, तर वाट न बघता हॉस्पिटल, कारण यातून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे तुंबलेलं पोट, शौच न होणं.

अशा प्रत्येक पेशंटच्या पाकिटात मी एक कागद ठेवायला लावते. दुखापत कितव्या मणक्याला, रोजचं ब्लड प्रेशर किती, नळीचा नंबर किती, शेवटची बदलली कधी. कन्नडमध्ये एक आणि इंग्रजीत एक. मराठीत लिहिलेला कागद इथल्या सिस्टरला वाचता येत नाही, हे आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं. गावी जाताना मराठीतला घ्या.

आता काही बारीकसारीक. नळीच्या बाजूनं लघवी गळते, म्हणून एक नंबर मोठी नळी घाला, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. गळतं ते बहुधा मूत्राशय आखडतं म्हणून, किंवा नळी तुंबली म्हणून, किंवा पोट साफ नाही म्हणून. मोठी नळी घालत गेलं तर बायकांमध्ये मूत्रमार्ग सैल होत जातो, आणि शेवटी फुग्यासकट नळी बाहेर पडते. पुरुषांना १४ किंवा १६ नंबर, बायकांना १२ किंवा १४, एवढं बहुतेक वेळा पुरतं. हा नंबर फ्रेंच मापाचा आहे, तीननं भागला की मिलिमीटरमध्ये जाडी मिळते. फुग्यात साधारण १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरायचं. सलाईन भरू नका, मीठ साठून फुग्याची वाट बंद होते आणि मग नळी काढताना फुगा उतरत नाही.

पुरुषांच्या बाबतीत एक जखम मी इतक्या वेळा बघते की सांगितल्याशिवाय राहवत नाही. नळी मांडीला न चिकटवता मोकळी सोडलेली असते. भरलेल्या पिशवीचं वजन दिवसभर तिला खाली ओढतं आणि शिश्नाचा खालचा भाग सावकाश चिरत जातो. संवेदना नसते, म्हणून दुखत नाही. घरच्यांना लाज वाटते, म्हणून कोणी बघत नाही. मग एक दिवस कळतं की वाट पार खालपर्यंत उघडी पडली आहे. हे दहा-वीस रुपयांच्या चिकटपट्टीनं टळतं. नळी मांडीच्या वरच्या बाजूला किंवा पोटाला चिकटवा, थोडी सैल ठेवून, आणि बाजू बदलत राहा.

पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. चढताना-उतरताना, रिक्षात बसवताना ती मांडीवर ठेवण्याची सवय असते, त्यानं लघवी उलटी आत जाते. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. नळी आणि पिशवीचा जोड उगाच सोडू नका. रोज साबण आणि पाणी पुरे, डेटॉल-सॅव्हलॉनची गरज नाही. आणि पिशवी एखाद्या दिवशी जांभळी झाली तर घाबरून जाऊ नका. काही जंतू लघवीतल्या एका पदार्थापासून नीळ तयार करतात, जुन्या काळी कापड रंगवायचे तीच नीळ. बहुधा बद्धकोष्ठता असते. ताप नसेल तर पोट साफ ठेवा, नळी आणि पिशवी बदला आणि डॉक्टरला सांगा.

वर्षं उलटत गेली की आतलं नुकसान वेगळं. मूत्राशय आकसतं, खडे होतात, संसर्ग वर चढून मूत्रपिंडं हळूहळू जातात. दहा-दहा वर्षं नळी राहिलेल्यांत मूत्राशयाचा एका विशिष्ट प्रकारचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त दिसतो. प्रमाण लहान आहे, पण लघवीत रक्त आलं तर ‘नळीमुळं असेल’ म्हणून सोडून देऊ नका, दुर्बिणीतून बघून घ्या. वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन तर सगळ्यांनाच.

आता मुख्य प्रश्न. ही नळी हवीच का? पहिल्या महायुद्धात पाठीचा कणा तुटलेले बहुतेक सैनिक वाचत नसत, आणि मारेकरी असायचे लघवीचा संसर्ग आणि पाठीच्या जखमा. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या पेशंटसाठी विभाग सुरू केला. पॅरालिंपिकचे जनक म्हणून त्यांना जग ओळखतं. पण नळी कायम ठेवण्याऐवजी दिवसातून ठरावीक वेळा, निर्जंतुक पद्धतीनं घालून काढून घ्यायची, ही शिस्त त्यांनी लावली, आणि माझ्या मते तिनं त्या खेळांहून जास्त माणसं जगवली. मग १९७२ साली अमेरिकेत मिशिगनच्या जॅक लॅपिडीस यांनी दाखवलं की निर्जंतुक ग्लोव्हजही लागत नाहीत, साबणानं धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते, पेशंट स्वतः घरी करू शकतो. योगायोग बघा, त्याच १९७२ साली हायडेलबर्गच्या स्पर्धेत आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर पोहण्यात सुवर्णपदक घेत होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला हा जवान. पुढं १९७४ पासून खडकीला सैनिकांसाठी पॅराप्लेजिक केंद्र उभं राहिलं. म्हणजे मणका गेला की माणूस संपला असं नाही, हे मराठी मुलुखानं फार आधी पाहिलेलं आहे. कारखान्यातल्या माणसापर्यंत मात्र ते अजून पोहोचतंय.

तर पद्धत अशी: दिवसातून चार ते सहा वेळा पातळ, बिनफुग्याची नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढायची. एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर साठू द्यायचं नाही. आपल्या फिटरचे हात शाबूत आहेत, तो हे आठ-दहा दिवसांत शिकतो. मायक्रोमीटर धरणाऱ्या हाताला हे जड नाही. अडचण वेगळीच असते. चार खोल्यांना मिळून एक संडास, तोही जिन्याखाली, व्हीलचेअर आत जात नाही. मी सांगते, संडास लागतच नाही. खोलीत पडदा लावा, पलंगावर बसा, एक डबा आणि एक आरसा घ्या. बायकांना आरसा सुरुवातीलाच लागतो, नंतर बोटांना वाट कळते. एक मात्र आहे: कायमची नळी स्वतःहून उपटून हे सुरू करायचं नाही. काहींच्या मूत्राशयात दाब फार जास्त असतो, तो मूत्रपिंडांवर जातो. दाबाची तपासणी करून, लागलं तर मूत्राशय शांत ठेवणाऱ्या गोळ्या देऊन मग सुरुवात होते. बंगळुरूत निमहान्सच्या पुनर्वसन विभागात अशा पेशंटवर काम होतं.

ज्यांचे हात चालत नाहीत, करणारं कोणी नाही, त्यांच्यासाठी बेंबीच्या खाली, पोटातून घातलेली नळी असते. जंतू तिथंही येतात, खडेही होतात. पण शिश्नाची चिरफाड टळते, बदलणं सोपं जातं, आणि नवराबायकोचं आयुष्य मोकळं राहतं. हा शेवटचा भाग कोणी विचारत नाही. पस्तिशीच्या माणसाला आणि त्याच्या बायकोला तो प्रश्न असतोच. डॉक्टरनं तो आपणहून काढावा.

दुसरा गट सेवानिवृत्त काकांचा. प्रोस्टेट वाढली, एका रात्री लघवी अडली, नळी घातली. वय झालं, हार्टचा त्रास आहे, ऑपरेशन नको, म्हणून नळी तशीच. या काकांच्या बाबतीत विचारा की नळी काढून बघितलं का? प्रोस्टेट सैल करणारी गोळी दोन-तीन दिवस देऊन मग नळी काढली, तर बऱ्याच जणांना स्वतःहून लघवी होते. निदान एकदा तरी ही संधी मिळायला हवी. नळीसकट ‘बघू पुढं’ म्हणून घरी पाठवलेल्या आजोबांचं ‘पुढं’ कधी कधी दोन वर्षं येत नाही.

पैशाचं थोडक्यात. कामावर अपघात झाला असेल तर ईएसआयचा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे, ठेकेदाराच्या माणसालाही. कायमचं पूर्ण अपंगत्व ठरलं तर वेतनाच्या ९० टक्के दरानं दरमहा रक्कम मिळते. आणि काम सुटलं तरी वर्षाला १२० रुपये भरून नवराबायकोचा वैद्यकीय उपचार निवृत्तीच्या वयापर्यंत चालू ठेवता येतो. हे १२० रुपये न भरल्यामुळं मेडिकलमधून नळ्या विकत घेणारी घरं मला दर महिन्याला भेटतात. राजाजीनगरच्या ईएसआय रुग्णालयात जाऊन विचारा.

शेवटी, हमखास विचारला जाणारा एक प्रश्न. नळी आपोआप बाहेर आली तर? मूत्रमार्गाची असेल तर लघवी स्वतःहून होते का बघा, झाली नाही तर काही तासांत नवी घालावी लागेल. बाहेर आलेला फुगा अख्खा आहे की फाटलेला, ते पाहा. तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टरला तो फाटका फुगा दाखवा. पोटातली नळी निघाली तर मात्र थांबू नका. ती वाट तासाभरात आकसायला लागते. भोकावर स्वच्छ गॉज ठेवा, घरात जपून ठेवलेली त्याच नंबरची नवी नळी बरोबर घ्या आणि निघा. रात्र असली तरी.